मावळातील जलविद्युत् व मुंबईच्या गिरण्या

कोळशाऐवजी पाण्याच्या शक्तीवर कारखाने चालविण्याचा पश्चिम भारतातील पहिला मोठा प्रयोग पुणे जिल्ह्यातील मावळ भागात झाला. मुंबईच्या कापडगिरण्या विसाव्या शतकाच्या आरंभी वाफेच्या एंजिनांवर चालत. त्यांना लागणारा कोळसा बंगालमधून रेल्वेने व परदेशांतून समुद्रमार्गे येई. तो महाग पडे आणि त्याच्या धुराने शहर काळवंडे. धुराच्या उपद्रवाविरुद्ध मुंबई सरकारने १९१२ मध्ये कायदा केला. तथापि गिरणीमालक विजेकडे वळले ते मुख्यतः खर्चाच्या हिशेबाने.

जमशेटजी टाटा यांनी पुरस्कारिलेली ही योजना त्यांच्या मृत्यूनंतर (१९०४) दोराबजी टाटा यांनी तडीस नेली. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली. भांडवलाचा मोठा भाग देशी संस्थानिकांनी पुरविला. योजनेचे मर्म साठवणीत होते. घाटमाथ्यावर चार महिन्यांत कोसळणारा पाऊस लोणावळा, वळवण व शिरोटा या तलावांत धरून तो वर्षभर पुरवावयाचा. हे पाणी नळांतून सु. ५२५ मी. खाली खोपोलीस सोडून त्यावर पेल्टन चक्रे फिरविली जात. तेथील वीज सु. ७० किमी. लांबीच्या तारांनी परळला पोहोचे. केंद्राचे उद्‌घाटन फेब्रुवारी १९१५ मध्ये झाले. पुढे भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही केंद्रे निघाली.

गिरण्यांतील एंजिनांची जागा विद्युत् चलित्रांनी घेतली. मात्र खळ देणे, रंगविणे इ. प्रक्रियांसाठी वाफ लागतच असल्याने बाष्पित्रे राहिली. गिरण्या पूर्णपणे निर्धूर झाल्या नाहीत.

शहराचा धूर ओसरला, पण त्याचे मोल घाटावरच्या खोऱ्यांनी दिले. भिरा केंद्रासाठी बांधलेल्या मुळशी धरणात गावे व भातखाचरे बुडणार म्हणून १९२१–२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण टळले नाही. वीज निर्माण करून झाल्यावर पाणी पाताळगंगा, उल्हास व कुंडलिका या नद्यांवाटे कोकणात जाते. तेथील कारखाने व शहरे त्यावर वाढली. भीमेच्या खोऱ्यास ते अंतरले.

पवनानगरजवळील पवना धरणाची रीत याहून वेगळी. १९७०–८० या दशकात साकारलेल्या या शासकीय धरणाचे पाणी नदीच्या मूळ प्रवाहानेच पूर्वेकडे जाते व पिंपरी-चिंचवडच्या वस्तीस आणि उद्योगांस मिळते. येथेही अनेक विस्थापितांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला.

कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात टाटा केंद्रांसाठी पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यास मर्यादा घातली.