विद्युत गिटारमधील पिकअपची जोडणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

विद्युत गिटारच्या इतिहासात चुंबक व वेटोळे यांची चर्चा पुष्कळ होते. पिकअपला धरून ठेवणाऱ्या स्क्रूची क्वचितच. वस्तुतः तार आणि पिकअप यांमधील अंतरावर ध्वनीची तीव्रता मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने ईएस-१५० या गिटारमध्ये पिकअप, त्याच्या जड चुंबकांसह, वरच्या फळीतून जाणाऱ्या तीन स्क्रूंनी टांगला. फेंडरच्या १९५१ च्या टेलिकास्टरमध्ये मानेजवळील पिकअप थेट लाकडात बसविलेला होता. त्याची उंची बदलण्यासाठी पिकगार्ड ही वरची पट्टीच काढावी लागे. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये मात्र तीनही पिकअप या पट्टीलाच टांगले गेले आणि त्यांचे समायोजन, केवळ एका स्क्रूड्रायव्हरच्या साहाय्याने, वादकाच्या हाती आले. गिब्सनचे अभियंता सेथ लव्हर यांचा हंबकर १९५७ पासून प्रचारात आला. त्यातही चौकटीतील दोन स्क्रू व स्प्रिंग यांनी हीच सोय साधली.

या स्वातंत्र्याला मर्यादाही होतीच. स्ट्रॅटोकास्टरचे पिकअप फार वर घेतल्यास चुंबक तारेलाच ओढतो, तिचे कंपन लवकर मंदावते व स्वर डळमळतो. जाड तारांवर हा दोष अधिक जाणवतो. म्हणून त्या बाजूचा स्क्रू सामान्यतः खाली ठेवला जातो. हंबकरचा चुंबक वेटोळ्यांच्या तळाशी असल्याने त्याची ओढ तुलनेने सौम्य असते.