गादी घेताना: कापूस, काथ्या की लॅटेक्स?

लग्नाचा सीझन जवळ आला की गादीच्या दुकानात गर्दी सुरू होते. बहुतेक जण खोळीचा रंग बघतात, वरून हाताने दाबून बघतात, डिस्काउंट किती ते विचारतात आणि गादी टेम्पोत चढते. दोन वर्षांत मध्ये खड्डा पडला की मग कंबर धरून बसायचं. रोज सात-आठ तास ज्या वस्तूवर अंग टाकायचं, ती आतून कशाची बनली आहे हे विचारायला कुणाची शरम वाटायला नको. फोमची गादी म्हणजे पेट्रोलियमपासून बनलेला पीयू फोम. तो हलका आणि स्वस्त असतो, पण उन्हाळ्यात अंगाची गरमी धरून ठेवतो. ज्यांना नैसर्गिक भरणाची गादी हवी आहे, त्यांच्यासाठी आपल्याकडे खरे पर्याय तीनच: कापूस, नारळाचा काथ्या आणि रबराच्या झाडाच्या चिकापासून बनणारा लॅटेक्स. उशीसाठी चौथा, सावरीचा कापूस.

तसं पाहिलं तर अशा अंथरुणाची गोष्ट जुनीच आहे. सहीह बुखारीत हजरत आयेशा (रजि.) यांची रिवायत आहे, त्यानुसार प्रेषित (स.) यांचे अंथरूण कातड्याचे होते आणि त्यात खजुराच्या झाडाचा काथ्या भरलेला होता.

कापसापासून सुरुवात करू, कारण महाराष्ट्रात हे काम आपल्याच माणसांच्या हातात राहिलेलं आहे. कुठे पिंजारी, सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे नदाफ, कुठे मन्सुरी, नावं वेगळी, धंदा एक. अरबीत ‘नद्दाफ’ म्हणजे कापूस पिंजणारा. ‘हल्लाज’चाही अर्थ तोच, आणि मन्सुरी हे नाव मन्सूर हल्लाज यांच्यावरून आलं असं समाजात सांगितलं जातं. पूर्वी खांद्यावर धुनकी घेऊन दारोदारी फिरणारा पिंजारी आता बहुतेक ठिकाणी मशीनवर काम करतो, पण गादी भरणं आणि टाके मारणं अजून हातानेच होतं. तयार गाद्यांच्या कंपन्या आल्यापासून ही दुकानं एकेक करून बंद होत आहेत. पुढची पिढी रिक्षा चालवते किंवा मोबाईलच्या दुकानात बसते. त्यांच्याकडून गादी घेणं म्हणजे कुणावर मेहेरबानी नाही. नीट बनवून घेतली तर कापसाची गादी आजही सगळ्यात टिकाऊ सौदा आहे.

कारण सोपं आहे. फोम बसला की तो फेकावाच लागतो. कापूस बसला, त्याच्या गाठी झाल्या, तरी तो पुन्हा पिंजला की फुलतो. दोन-तीन वर्षांतून एकदा गादी उसवून, कापूस पिंजून, थोडा नवा कापूस घालून भरून घेतली तर तीच गादी दहा-पंधरा वर्षं चालते. अनेक घरांत दादीच्या गादीतला कापूस आज नातवाच्या गादीत आहे.

पण ‘कापूस’ या शब्दावर विश्वास ठेवून पैसे देऊ नका. बाजारात स्वस्त गादीत कपड्यांच्या कारखान्यातली चिंधी पिंजून भरतात, किंवा पॉलिस्टरचा धागा मिसळतात. रंगीत तुकडे, दोरे दिसले की समजावं. पॉलिस्टर ओळखायची घरगुती रीत अशी: चिमूटभर भरण चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर, खोळीपासून लांब, जाळून पाहा. कापूस कागदासारखा जळतो, कागद जळाल्यासारखाच वास येतो आणि मागे मऊ राख राहते, बोटाने चुरली जाते. पॉलिस्टर वितळतं आणि काळा कडक मणी बनतो. चिंधी सुती असेल तर ती या परीक्षेत पास होईल, म्हणून डोळ्यांनी बघणंही जरुरी. चांगल्या कापसाचा रंग पांढरा किंवा किंचित पिवळसर, त्यात सरकी आणि पाचोळा कमी. कपड्यासाठी लांब धागा लागतो, गादीसाठी तसं नाही. आखूड आणि जाडसर धाग्याचा देशी कापूस दाबल्यावर परत वर येतो, म्हणून गादीला तोच बरा. २००२ नंतर बीटी कापूस आला आणि देशी वाणाचं क्षेत्र फार कमी झालं, त्यामुळे तो मिळेलच असं नाही. विचारून मात्र बघा.

सौदा नेहमी किलोवर करा. तीन बाय सहा फुटांच्या सिंगल गादीला साधारण ८ ते १० किलो कापूस लागतो, पाच बाय सहाच्या डबलला १५ ते १८ किलो. कापसाचा भाव, पिंजाई, खोळ आणि भराई-शिलाई असा चार भागांत हिशोब मागा आणि जमलं तर कापूस समोर वजन करून घ्या. खोळ दाट विणीच्या सुती टिकिंगचीच हवी. चमकणारी साटीन किंवा मखमल लग्नाच्या फोटोत छान दिसते, पण मे महिन्यात तिच्यावर पाठ चिकटते. टाके एक वीत अंतरावर, आरपार आणि घट्ट असावेत. टाके लांब लांब घातले की कापूस सरकून कोपऱ्यात जातो आणि मधे नुसती खोळ राहते. गादी उसवून पुन्हा भरून घेतानाही समोर उभं राहून तोच कापूस परत येतोय ना ते बघावं. इमानदार कारागिराला याचा राग येत नाही.

आणखी एक गोष्ट, ग्राहकाची नाही तर कारागिराची. पिंजताना उडणारी धूळ वर्षानुवर्षं फुफ्फुसात गेली तर बिसिनोसिस नावाचा आजार होतो. छाती आवळल्यासारखी वाटते, दम लागतो, सुट्टीनंतर कामावर आल्याच्या दिवशी त्रास जास्त होतो. कित्येक दुकानांत तोंडाला नुसता रुमाल बांधलेला असतो, तो पुरेसा नाही. चांगला मास्क आणि धूळ बाहेर फेकणारा पंखा एवढं तरी असावं. ज्या शहरांत पिंजारी-मन्सुरी समाजाच्या जमाती सक्रिय आहेत, त्यांनी आरोग्य शिबिरात या लोकांच्या फुफ्फुसांची तपासणी ठेवली तर बरं होईल. गादी आपल्या घरात भरून घेत असाल तर मुलांना आणि दम्याच्या माणसाला त्या खोलीत थांबू देऊ नका.

आता काथ्या. नारळाच्या सोडणाचे तंतू वळवून कुरळे करतात, त्यावर रबराचा चीक फवारतात आणि दाब-उष्णता देऊन त्याची लादी बनवतात. हीच ‘रबराइज्ड कॉयर’. केरळात, खास करून अलप्पुळा भागात, हा मोठा उद्योग आहे आणि १९५३ च्या कायद्याखाली स्थापन झालेलं कॉयर बोर्ड त्याचं काम बघतं. आपल्या कोकणात नारळ भरपूर, पण सोडणं कित्येक घरी अजून चुलीतच जातात. काथ्यातून हवा खेळते, तो कापसासारखं पाणी धरून ठेवत नाही, म्हणून रत्नागिरी-रायगडच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत तो बरा पडतो. मात्र ही गादी कडक असते आणि हलक्या घनतेची असेल तर कमरेखाली लवकर दबते, मग ती दुरुस्त होत नाही. एकाच मापाच्या दोन गाद्या उचलून बघा, जड ती निवडा. ‘कॉयर’ लिहिलेल्या बऱ्याच गाद्यांत वर इंच-दोन इंच फोम असतो. वाईट आहे असं नाही, पण लेबल वाचा आणि त्याच हिशोबाने पैसे द्या.

लॅटेक्स सगळ्यात महाग. शंभर टक्के नैसर्गिक आहे की कृत्रिम रबर मिसळलं आहे, हे बिलावर लिहून घ्या. सेंद्रिय म्हणून विकत असतील तर जीओएलएस प्रमाणपत्र मागा. लवचीक आणि टिकाऊ असते, पण सहा इंची डबल गादीचं वजन तीस-पस्तीस किलोपर्यंत जातं, गच्चीवर नेणं कठीण. नेऊही नये! कापसाला ऊन हवं आणि लॅटेक्सला उन्हाचं वावडं. थेट उन्हात ते कडक होतं आणि भुगा पडू लागतो. घरात कुणाला रबराची ॲलर्जी असेल तर हा विषय सोडून द्यावा.

कंबरदुखीला कडक गादीच चांगली, हे आपल्याकडे पक्कं बसलेलं आहे. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्यात कडक गादीपेक्षा मध्यम गादीवर झोपणाऱ्यांना आराम जास्त मिळाला. तेव्हा अब्बांच्या कमरेसाठी लाकडी फळीवर पातळ सतरंजी टाकायची गरज नाही. चार इंच घट्ट भरलेली कापसाची गादी, किंवा काथ्यावर दोन इंच कापसाची पातळ गादी, हे आमच्या मते ठीक आहे. उंचीही बघा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला फजरला उठायचं असतं. पलंग आणि गादी मिळून गुडघ्याच्या उंचीएवढी, म्हणजे साधारण १८ ते २० इंच असेल तर हात न टेकता उठता येतं.

लहान मूल असेल तर गादीवर चेन लावलेलं, धुता येणारं सुती गिलाफ आणि त्याखाली रबरी चादर घालाच. एकदा कापसात लघवी मुरली की वास जात नाही आणि पाकीचा प्रश्नही घरात रोज उभा राहतो. गिलाफ काढून धुतलं की दोन्ही कामं झाली. धूळकिड्यांमुळे शिंका, खोकला असेल तर चादरी-गिलाफ आठवड्याला ६० अंशाच्या गरम पाण्यात धुवावीत.

उशीसाठी सावरीचा कापूस हलका आणि थंड. त्याचा धागा इतका गुळगुळीत की त्याचं सूत निघत नाही, भरण म्हणूनच तो कामाचा. त्याची गादी मात्र भरू नये, लवकर चपटी होते.

पावसाळ्यात कापसाची गादी फरशीवर अंथरून ठेवू नका. सकाळी उठल्यावर लगेच घडी न घालता अर्धा तास पंख्याखाली उघडी ठेवा. ऊन पडेल त्या दिवशी दोन्ही बाजूंनी दोन-दोन तास वाळवा आणि काठीने हलकेच झटका. पिंजून घ्यायची असेल तर एप्रिल-मेमध्येच घ्या. जूनमध्ये कापूस ओल धरतो, वजनात तुमचं नुकसान आणि गादीला कुबट वास.