बर्फावरील शाळा

कॅनडा देशाच्या वायव्य कोपऱ्यांत युकॉन नांवाचा विस्तीर्ण मुलूख आहे. त्याच्या अगदीं उत्तर भागांत, पॉर्क्युपाइन नदीच्या कांठीं, ओल्ड क्रो हें लहानसें गांव वसलेलें आहे. उत्तर ध्रुववृत्त ओलांडून आणखी सुमारें 70 मैल गेलें म्हणजे हें गांव लागतें. लोकवस्ती दोनअडीचशें माणसांची. बारमाही सडक तेथपर्यंत आजही पोहोंचलेली नाहीं. टपाल, औषधें आणि शिक्षक विमानानेंच येतात. हिवाळ्यांत कांहीं आठवडे सूर्य क्षितिजावर येतच नाहीं. मध्यान्हीं दक्षिणेकडे फिकट उजेड पसरतो आणि थोड्याच वेळांत नाहींसा होतो. नदी गोठून तिचाच राजमार्ग बनतो. पारा शून्याखालीं 40 अंशांपर्यंत उतरणें हें तेथें नवल नव्हे, आणि या अंकावर सेंटिग्रेड व फॅरनहाइट हीं दोन्ही मापें एकच होतात.

अशा या गांवीं 1955 च्या सुमारास एका ख्रिस्ती धर्मोपदेशकानें मुलांच्या पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधल्या आणि त्यांना बर्फावर फिरावयास नेलें. त्या साध्या सहलींतून जी परंपरा निर्माण झाली, तिनें सतरा वर्षांनीं उत्तरेकडील मुलामुलींना ऑलिंपिक सामन्यांत नेऊन उभें केलें. खेळांच्या इतिहासांत ही हकीकत विजयाची कथा म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेही. परंतु तिच्या पोटांत एक निराळा प्रश्न दडलेला आहे; तो खेळाचा नसून शिक्षणाचा आहे. शाळा मुलाला जें देते, त्याच्या बदल्यांत त्याच्यापासून काय काढून घेते, हा तो प्रश्न होय.

ओल्ड क्रोचे रहिवासी वुंटुट ग्विचिन या नांवानें ओळखले जातात. 'सरोवरांचे लोक' असा त्या नांवाचा अर्थ आहे. गांवाच्या उत्तरेस असंख्य लहानमोठ्या तळ्यांचा सखल प्रदेश पसरलेला आहे. वसंत ऋतूंत कुटुंबेंच्या कुटुंबें तेथें जात आणि मस्करॅट नांवाचा, पाण्यांत राहणारा, मऊ केसांचा प्राणी सांपळ्यांत पकडीत. त्याचें कातडें विकून पीठ, चहा आणि काडतुसें घेतां येत. खरा आधार मात्र कॅरिबू हरणांचा. त्यांचा प्रचंड कळप ऋतुमानानुसार या प्रदेशांतून ये-जा करितो. त्याच्या मांसावर आणि कातड्यांवर पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार चालत आला.

या जीवनांत मुलाची शाळा म्हणजे बापाच्या पाठीमागची पाऊलवाट होती. गोठलेल्या नदीवर बर्फ कोठें भरीव आहे आणि कोठें त्याखालीं पाणी वाहत आहे, घाम येऊं न देतां दिवसभर कसें चालावें, सोबत्याच्या गालावर पांढरा डाग दिसतांच थंडीनें मांस मरूं लागलें हें ओळखून त्यावर ऊबदार तळहात कसा ठेवावा, हें सर्व मूल पाहून शिके. चालण्यासाठीं या लोकांपाशीं स्वतःचें उत्तम साधन होतें. लांकडाच्या वांकविलेल्या चौकटींत कच्च्या कातड्याच्या वाद्या विणून तीं रुंद जाळीदार पादत्राणें करीत. त्यामुळें माणसाचा भार मोठ्या क्षेत्रावर पसरून पाय भुसभुशीत बर्फांत रुतत नसे.

स्की हें साधन त्यांचें नव्हे. तें युरोपच्या उत्तरेचें आहे. त्याचें नांवही प्राचीन नॉर्स भाषेंतील असून 'चिरलेलें लाकूड' असा त्याचा मूळ अर्थ आहे. 1888 सालीं नान्सेन यानें ग्रीनलंडचें हिमपठार स्कींवरून ओलांडलें, तेव्हां त्याच्या बरोबरच्या पांच जणांपैकीं दोघे सामी जमातीचे होते. कारण स्की चालविण्यांत त्या लोकांची ख्याति होती. जाळीदार पादत्राणांवर प्रत्येक पाऊल उचलावें लागतें. स्कीवर एक पाय बर्फ रेटतो आणि दुसरा घसरत पुढें जातो. तळाला बर्फाच्या तपमानाप्रमाणें निरनिराळें मेण लावितात. रेटतांना तें बर्फाच्या कणांना पकडतें आणि घसरतांना सोडतें. टांच मोकळी असते, त्यामुळें चढावरही चालतां येतें. मात्र थंडी फारच वाढली कीं बर्फ वाळूसारखा कोरडा होतो आणि स्की घसरेनाशी होते.

हें साधन ओल्ड क्रो येथें आणणाऱ्या धर्मोपदेशकाचें नांव झां-मारी मूशे. त्यांचा जन्म 1917 चा, फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील जुरा पर्वताच्या मुलुखांतला. तेथें हिवाळ्यांत स्की ही चैन नसून नित्याची गोष्ट आहे. दुसरें महायुद्ध संपल्यानंतर ते रोमन कॅथॉलिक पंथाच्या ऑब्लेट संघातर्फे कॅनडास आले. ओल्ड क्रोचे बहुतेक लोक मात्र अँग्लिकन पंथाचे होते. त्यांच्या भाषेंत समग्र बायबल 1898 सालींच छापलें गेलें होतें आणि धर्माच्या बाबतींत त्यांना नव्या उपदेशकाची निकड नव्हती. अशा गांवांत या पाद्रीमहाशयांना श्रोते थोडे, परंतु हिवाळा मोठा आणि मुलें पुष्कळ होतीं.

फादर मूशे यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली. फरचा व्यापार मंदावत चालला होता. सरकारी मदत आणि शाळा यांच्या ओढीनें कुटुंबें गांवांत स्थिर होत होतीं. पूर्वीं ज्या वयांत मुलगा सांपळ्यांच्या वाटेवर मैलोगणती चाले, त्या वयांत तो आतां बांकावर बसून दूरच्या शहरांचीं वर्णनें वाचीत होता. पुस्तकांत त्याच्या बापाच्या ज्ञानाला जागा नव्हती. शरीर रानाचें आणि दिवस खोलींतला, अशा स्थितींत तरुणांच्या मनांतील हेतूच हरपतो, असें त्यांचें निदान होतें. स्की हा त्यांचा उपाय होता. मुलांनीं शर्यती जिंकाव्या, एवढ्याचसाठीं तो नव्हता. वाडवडिलांच्या कष्टांतून आलेली सोशिकता ही लाजेची वस्तु नसून मोलाची ठेव आहे, हें मुलांना स्वतःच्या पायांनीं पटावें, यासाठीं तो होता.

अशा सहलीचें स्वरूप मोठें साधें असतें. शिक्षक पुढें जातो आणि त्याच्या स्कींनीं ताज्या बर्फांत दोन समांतर रेघा उमटतात. मागून येणारीं मुलें त्याच रेघांतून चालतात. श्वासाची वाफ पापण्यांवर आणि टोपीच्या कडेवर गोठून पांढरी होते. फार जोरानें गेलें तर घाम येतो आणि थांबतांच तो अंगावर गोठतो. म्हणून वेग मोजून ठेवावा लागतो. दक्षिणेकडून आलेल्या माणसाला हे सर्व नियम नव्यानें शिकावे लागतात. ओल्ड क्रोच्या मुलांना ते घरींच मिळालेले होते. शिक्षकानें त्यांना शिकवावयाचें तें एवढेंच, कीं पाय उचलावयाचा नाहीं, सोडून द्यावयाचा. बाकी सर्व पाठ त्यांचे आईबाप आधींच देऊन चुकले होते. हें ज्या शिक्षकाला कळलें, त्याचें निम्में काम तेथेंच झालें.

फळ लवकरच दिसलें. 1963 सालीं ओल्ड क्रोच्या मार्था बेंजामिन यांनीं लांब पल्ल्याच्या स्की शर्यतींत कॅनडाचें महिलांचें विजेतेपद मिळविलें. मार्थाबाई मुलाबाळांच्या आई होत्या. त्यांच्यापाशीं सुसज्ज मैदान नव्हतें कीं पगारी शिक्षकांचा ताफा नव्हता. पाणी, सरपण आणि सांपळे वाहण्यांत जें बळ आलें होतें, तेंच त्यांचें भांडवल होतें.

यानंतर या कथेचें स्थळ बदलतें. ओल्ड क्रोच्या पूर्वेस, शेजारच्या प्रांतांत, मॅकेंझी नदीच्या मुखाजवळ इनुविक नांवाचें नवें शहर सरकारनें 1955 नंतर वसविलें. जुनें अक्लाविक गांव पुराच्या भीतीनें असुरक्षित ठरलें होतें. त्याची जागा या शहरानें घ्यावी असा बेत होता. 1959 सालीं तेथें मोठी शाळा उघडली आणि तिला जोडून दोन वसतिगृहें उघडलीं, एक कॅथॉलिक व एक अँग्लिकन. ग्विचिन, इनुइट आणि इतर जमातींचीं मुलें शेंकडों मैलांवरून तेथें आणलीं जात आणि वर्षाचे बहुतेक महिने आईबापांपासून दूर राहत. फादर मूशे यांनीं आपलें कार्य येथें हलविलें. 1965 सालीं संघसरकारच्या पैशावर त्यांची नवी योजना सुरू झाली. 'प्रादेशिक प्रायोगिक स्की शिक्षण' असें तिचें नांव होतें. पुढें ब्यॉर्गर पेटरसन हे नॉर्वेजियन वंशाचे शिक्षक तिचे मार्गदर्शक झाले. 1968 पासून इनुविकला 'जगाच्या माथ्यावरील' स्की सामने भरूं लागले.

याच शहरांत शॅरन आणि शर्ली फर्थ या जुळ्या बहिणी वाढल्या. त्यांचा जन्म 31 डिसेंबर 1953 रोजीं अक्लाविक येथें झाला. घरांत भावंडें पुष्कळ होतीं. कुटुंब मासेमारी आणि सांपळे यांवर जगणारें होतें. 1972 सालीं जपानमधील साप्पोरो येथें हिवाळी ऑलिंपिक सामने झाले, तेव्हां या 18 वर्षांच्या बहिणी कॅनडाच्या संघांत होत्या. त्यांच्या समवेत इनुविकचीच रोझेन अ‍ॅलन होती, आणि पुरुषांत फ्रेड केली हा तरुण होता. त्यानंतर 1976 मध्यें इन्सब्रुक, 1980 मध्यें लेक प्लॅसिड आणि 1984 मध्यें सारायेव्हो, अशा एकंदर चार ऑलिंपिक सामन्यांत या दोघी उतरल्या. ऑलिंपिक पदक त्यांना लाभलें नाहीं; परंतु दोघींनीं मिळून 48 राष्ट्रीय विजेतेपदें मिळविलीं. 1987 सालीं त्यांना 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा सन्मान मिळाला. शर्ली यांचें निधन 2013 सालीं झालें.

येथें ही कथा संपविली तर ती सुखान्त होईल, पण पुरी होणार नाहीं. ज्या वसतिगृहांच्या व्यवस्थेनें उत्तरेकडील मुलें एका जागीं गोळा केलीं, तिनेंच त्यांना घरापासून, भाषेपासून आणि रानापासून तोडलें. इनुविकच्या एका वसतिगृहांतील कांहीं कर्मचाऱ्यांना मुलांवर केलेल्या अत्याचारांबद्दल पुढें न्यायालयांनीं शिक्षा दिल्या. 11 जून 2008 रोजीं कॅनडाच्या पंतप्रधानांनीं लोकसभेंत उभें राहून या निवासी शाळांबद्दल आदिवासी समाजाची जाहीर क्षमा मागितली. 2015 सालीं सत्यशोधनासाठीं नेमलेल्या आयोगानें या व्यवस्थेला 'सांस्कृतिक वंशसंहार' असें नांव दिलें. फादर मूशे यांची चर्च ही त्या व्यवस्थेच्या चालकांपैकीं एक होती, ही गोष्ट कोणत्याही विजेतेपदानें पुसली जात नाहीं.

म्हणून स्कीच्या त्या दोन समांतर रेघांचा अर्थ दुहेरी आहे. वसतिगृहांतील मुलाला दाराबाहेर नेणारी, त्याला पुन्हां बर्फ, वारा आणि स्वतःचें बळ यांची ओळख करून देणारी ती वाट होती. कित्येकांना तिनें कठीण दिवसांत धीर दिला. परंतु ज्या वाटेवर मूल बापामागून चाले, ती मोडली नसती तर या नव्या वाटेची गरजच किती उरली असती? जखम करणारा हात आणि मलमपट्टी करणारा हात एकाच देहाचे होते. इतिहासानें दोहोंची नोंद एकाच पानावर ठेविली पाहिजे. शिक्षकाचा गौरव व्यवस्थेचा दोष झांकण्यासाठीं करूं नये, आणि व्यवस्थेच्या दोषासाठीं मुलींचे कष्टही विसरूं नयेत.

योजनेच्या नांवांतील 'प्रायोगिक' हा शब्दही विचार करावयास लावतो. प्रयोग कोणावर होता? सरकारी दृष्टीनें तो मुलांवर होता: रानांतील मुलें आधुनिक खेळांत कितपत चमकतील, हें पाहावयाचें होतें. त्याचें उत्तर साप्पोरो येथें मिळालें. पण खरी कसोटी शाळेचीच होती: मुलाच्या घरांतून आलेलें ज्ञान ती ज्ञान म्हणून मान्य करील काय? याचें उत्तर सरकारांनीं फार उशिरां दिलें, आणि तेंही या लोकांनीं स्वतः झगडून मिळविलें. 1993 सालीं वुंटुट ग्विचिन लोकांनीं कॅनडा व युकॉन सरकारांशीं करार करून आपल्या भूमीवरील हक्क आणि स्वशासन मान्य करून घेतलें. मुलांना वडीलधाऱ्यांच्या सोबत तळ्यांच्या प्रदेशांत आणि कॅरिबूच्या वाटेवर नेणें हाही आतां तेथें शिक्षणाचाच भाग समजला जातो.

ओल्ड क्रोच्या मुलांना चालावयास कोणी शिकविलें नव्हतें. तीं चालतच आलीं होतीं. एका परक्या शिक्षकानें त्यांची चाल ओळखली, हें त्याचें मोठेपण. ती ओळखण्यासाठीं परका शिक्षक यावा लागला, हें त्या काळाचें उणेपण. मुलांना बाहेर नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकानें पुढें होण्यापूर्वीं क्षणभर मागें वळून पाहावें, आणि तीं घरून काय घेऊन आलीं आहेत हें आधीं विचारावें, एवढा बोध त्या बर्फावरील शाळेपासून खास घेण्याजोगा आहे.