कौल, जकात आणि लोहारा

आईन-ए-अकबरीत आपल्या यवतमाळचा परगणा 'योत-लोहारा' या नावाने येतो. 'मळ' हा शब्द 'महाल'वरून आला, आणि लोहारा म्हणजे शहराच्या पश्चिमेला असलेले आपले लोहारा. आज तिथे एमआयडीसी आहे. रेमंडचा डेनिम कारखाना १९९६ मध्ये तिथेच सुरू झाला. अकबराच्या दप्तरात महसुलासाठी नोंदलेले गाव चारशे वर्षांनी उद्योगासाठी नोंदले गेले. उद्योग एखाद्या गावात येतो कशामुळे आणि टिकतो कशामुळे, हे समजून घ्यायला आपला जिल्हा चांगला नमुना आहे.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून आधी शब्दांकडे वळतो. मराठीतली 'सवलत' ही उर्दूतली 'सहूलत'. 'कौल' हा अरबी 'क़ौल', म्हणजे दिलेला शब्द. निवडणुकीनंतर वर्तमानपत्रे 'जनतेचा कौल' लिहितात तो हाच. आणि 'जकात'! आपल्यासाठी ती गरिबांचा हक्क म्हणून द्यायची रक्कम, तर मराठी व्यापाऱ्यासाठी नाक्यावर भरायचा कर. व्यापाराला बोलावण्याची आणि त्याच्याकडून वसुली करण्याची भाषा दख्खनमध्ये दोन्ही समाजांनी मिळून घडवली आहे.

त्या काळची पद्धत अशी होती. नवी पेठ वसवायची झाली की राज्यकर्ता शेटे-महाजनांना कौल देई. या, घरे-दुकाने बांधा, इतकी वर्षे कर माफ. मुदत संपली की ठरल्याप्रमाणे कर सुरू. पुण्याच्या पेठा याच रीतीने वाढल्या. आजच्या रविवार पेठेचे जुने नाव मलकापूर, शनिवारचे मुर्तजाबाद. राज्ये बदलली, नावे बदलली, कौलाची रीत तीच राहिली. कौल दोन्ही बाजूंना बांधून ठेवी. व्यापाऱ्याने पेठ वसवायची आणि सरकारने शब्द पाळायचा. शब्द मोडला तर पेठ ओस पडे, आणि पुढच्या कौलावर कोणी विश्वास ठेवत नसे.

आता आपल्या वऱ्हाडात या. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. इंग्रजांना मँचेस्टरसाठी कापूस हवा होता, आणि कापसासाठी रेल्वे. त्याआधीच, १८४९ मध्ये, जीआयपी रेल्वे कंपनीला मोठी सवलत मिळाली होती. जमीन फुकट आणि भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी. नफा झाला तर कंपनीचा, तोटा झाला तर हिंदुस्थानच्या रयतेच्या महसुलातून भरपाई. १८६७ मध्ये ही लाइन वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. तिला मूर्तिजापूरला जोडणारी यवतमाळची अरुंद गाडी, आपली शकुंतला, १९०३ मध्ये आली. देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी शकुंतलेचा मार्ग खासगी कंपनीच्याच मालकीचा राहिला. आता ती गाडी बंद आहे.

पण त्याच काळात वऱ्हाडात आणखी एक गोष्ट घडली, आणि ती मला हमीपेक्षा मोठी वाटते. १८८६ मध्ये आपल्या शेजारच्या कारंजा (लाड) इथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. अडते आणि मापाडी परवान्याचे, वजन तपासलेले, शुल्क ठरलेले. यात कोणाला कर माफ नव्हता. तरी व्यापारी आले, कारण सौदा फसणार नाही याची खात्री होती. गावोगावी जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. बाजार समितीत मात्र कापूस पिकवणाऱ्यालाच जागा नव्हती. पिकवणारा बाहेर आणि ठरवणारे आत. या उणिवेची किंमत वऱ्हाडाने पुढे फार वर्षे मोजली.

महाराष्ट्र झाल्यावर १९६२ मध्ये एमआयडीसी आली आणि १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर उद्योग जावेत हा तिचा हेतू. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट पडले. गाव जितके मागास, तितकी सवलत जास्त. आधी विक्रीकरात सूट किंवा उशिरा भरण्याची मुभा होती, आता राज्याच्या वाट्याच्या जीएसटीचा परतावा मिळतो. २०१२ च्या वस्त्रोद्योग धोरणात विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या नव्या प्रकल्पांना दहा टक्के भांडवली अनुदान जाहीर झाले.

अडचण इथेच आहे. जी सवलत यवतमाळला, तीच अमरावतीला, तीच नांदेडला. सगळ्यांना मिळणारी सवलत कोणालाच पुढे नेत नाही. मग कारखानदार पाहतो रेल्वे, हायवे, पाणी आणि हाताशी असलेले कुशल कामगार. पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क अमरावतीजवळ नांदगाव पेठला गेले. आपली वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेज मात्र २०२४ च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंतच सुरू झाली. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ टिमथी बार्टिक यांनी २०१८ मध्ये तिथल्या अभ्यासांचा आढावा घेतला. केवळ सवलतीमुळे कंपनीने जागेचा निर्णय बदलला, असे शंभरातल्या दोन ते पंचवीस प्रकरणांतच घडते, असा त्यांचा अंदाज. बाकीच्या कंपन्या तशाही आल्याच असत्या.

दुसरी गोष्ट म्हणजे शहराच्या हातात आता उरले काय? नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली. व्यापाऱ्याची कटकट संपली हे चांगलेच झाले. पण व्यापारावर स्वतःचा असा कर नाही, म्हणजे व्यापाऱ्याला माफ करायलाही फारसे काही नाही. कौल देणारा आता मुंबई-दिल्लीत बसतो. शहर फक्त अर्ज करते.

तरीही शहराकडे द्यायला बरेच काही आहे. वेळेवर पाणी, खड्डे नसलेला रस्ता, दिवा, परवान्याला चकरा मारायला न लावणारे कार्यालय. आणि शिकलेली मुले. पुसद, दिग्रस, उमरखेडच्या मोहल्ल्यांत गॅरेज, वेल्डिंग, शिलाई करणारे हात कमी नाहीत. त्या हातांत आयटीआयचे प्रमाणपत्र नसते, म्हणून कारखान्याच्या भरतीत ते मोजले जात नाहीत. आपल्या अंजुमन आणि शाळांनी हे काम अंगावर घ्यायला हवे. त्याला कोणत्याही गटाची सवलत लागत नाही.

करमाफी मुदतीची असते. मुदत संपली की उद्योग दुसऱ्या ड+ तालुक्याकडे पाहू लागतो. कारंज्याच्या बाजाराला मुदत नव्हती, कारण तिथे खरे वजन मिळत होते. लोहाऱ्याला पुढे काही यावे आणि यावे ते राहावे असे वाटत असेल, तर सवलत मागताना आपण तिला काय जोड देणार आहोत, हे आधी आपसात ठरवू या. आणि ठरवताना कापूस पिकवणाऱ्याला या वेळी आत बसवू या.