खोल पाण्याची ओढ

आपल्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्याला पाण्याची ओढ कुठे आहे हे कुणाला विचारावे लागत नाही. जाळे आणि पाय त्याला ते सांगतात. पण ही झाली वरच्या काही वावांची गोष्ट. तीन हजार मीटर खाली, जिथे सूर्यकिरण कधी पोहोचलाच नाही, तिथले पाणी वाहते की स्वस्थ पडून असते? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या प्रश्नाला मोजून दिलेले उत्तर जवळजवळ नव्हतेच.

कारण साधे होते. जहाजावरून दोरीने मापक खाली सोडायचा, तर जहाज स्वतःच वाहत असते. मग मोजली गेलेली गती पाण्याची किती आणि जहाजाची किती? उजेड पाण्यात फार खोल जात नाही, रेडिओलहरी तर लगेच विरतात. उरतो तो आवाज. तो मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने.

प्रश्न केवळ पंडितांचा नव्हता. ब्रिटनने १९४९पासून किरणोत्सारी कचरा अटलांटिकच्या खोल पाण्यात टाकायला सुरुवात केली होती. तळाचे पाणी अगदी संथ असेल तर तिथे टाकलेले तिथेच राहील, नसेल तर कुठे जाईल? याचे उत्तर अंदाजावर सोडण्यासारखे नव्हते.

ते शोधण्याची युक्ती जॉन स्वॅलो या यॉर्कशायरच्या शास्त्रज्ञाने काढली. हा माणूस ब्रिटनच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९५४मध्ये रुजू झाला. त्याने इमारतीच्या परांचीला वापरतात तसले अॅल्युमिनियमचे पाइप घेतले आणि कॉस्टिक सोड्याने त्यांच्या भिंती पातळ केल्या. एका पाइपात बॅटरी आणि आवाज करणारे यंत्र, दुसरा तरंगण्यासाठी. यामागचे तत्त्व सुंदर आहे. खोल जावे तसे पाणी दाबाने थोडे दाट होते, पण पाइप पाण्यापेक्षाही कमी दबतो. त्यामुळे बुडता बुडता तो पाण्याच्या तुलनेत हलका होत जातो. वजनाचा हिशेब ग्रॅमपर्यंत चोख ठेवला, तर ठरावीक खोलीवर तो ना बुडत, ना वर येत. तिथल्या पाण्याबरोबर मुकाट वाहत राहतो आणि ठरल्या वेळाने टिक टिक करतो.

जहाजाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाशी एकेक जलश्रवणयंत्र लावून ती टिकटिक ऐकायची. दोन्हीकडे ती एकाच क्षणी पोहोचली, तर पाइप जहाजाच्या बरोबर आडव्या दिशेला. अशा दिशा दोन-तीन जागांवरून घेतल्या की नकाशावर त्याची जागा मिळते. १९५५मध्ये स्वॅलोने हे साधन शास्त्रीय नियतकालिकात मांडले. पुढे ते ‘स्वॅलो फ्लोट’ याच नावाने ओळखले गेले.

कसोटी लगेचच आली. अमेरिकेचा हेन्री स्टॉमेल गणिताच्या आधारे सांगत होता की, उत्तरेकडे धावणाऱ्या गल्फ स्ट्रीमच्या खाली उलट, दक्षिणेकडे जाणारा प्रवाह असला पाहिजे. १९५७मध्ये ब्रिटनचे ‘डिस्कव्हरी-२’ आणि अमेरिकेचे ‘अटलांटिस’ ही जहाजे दक्षिण कॅरोलिनासमोर गेली. स्वॅलो आणि व्हॅलेंटाइन वर्दिंग्टन यांनी खोल पाण्यात पाइप सोडले. ते खरोखरच दक्षिणेकडे निघाले, तेही दिवसाला काही किलोमीटर.

गणित जिंकले असे वाटत असतानाच समुद्राने दुसरा डाव टाकला. १९५९-६०मध्ये बर्म्युडाजवळ ‘एरीज’ या नौकेवरून स्वॅलोने पुन्हा पाइप सोडले. इथे पाणी अगदी संथपणे सरकेल, एकेका पाइपाचा महिनोन्महिने मागोवा घेता येईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात वेग अपेक्षेच्या सुमारे दहापट निघाले. दिशाही जागोजागी वेगळी, आणि काही आठवड्यांत बदलणारी! खोल समुद्रालाही आपले ‘हवामान’ असते, तिथेही शेकडो किलोमीटरपर्यंतचे भोवरे फिरत असतात, हे त्यातून उमगले. १९७३च्या ‘मोड’ मोहिमेने त्यावर शिक्कामोर्तब केले.

तोवर जहाजाने पाइपामागे फिरण्याची गरजही सरली होती. साधारण हजार मीटर खोलीवर समुद्रात एक थर असतो, जिथे आवाजाचा वेग सर्वांत कमी असतो. तिथे सोडलेला खर्जातला आवाज वर-खाली न विखुरता हजारो किलोमीटर जातो. डग्लस वेब आणि थॉमस रॉस्बी यांनी याचा फायदा घेत ‘सोफार’ फ्लोट बनवले. पुढे रॉस्बीने व्यवस्थाच उलटवली. ध्वनिस्रोत नांगरलेले आणि वाहणारा फ्लोट ऐकणारा! नावही उलटे वाचून ‘राफॉस’ ठेवले.

१९८०च्या दशकात एडीसीपी हे उपकरण रूढ झाले. ते तिरक्या दिशांनी ध्वनी सोडते. पाण्याबरोबर वाहणाऱ्या सूक्ष्म जीवांवरून तो परततो. आगगाडी जवळून गेली की शिट्टीचा सूर बदलतो ना, तसाच इथे परतलेल्या ध्वनीचा सूर बदलतो आणि त्यावरून थराथराचा वेग कळतो. अतिखोल पाण्यात असे जीव विरळ, म्हणून तिथे त्याचा पल्ला तोकडा पडतो.

हा इतिहास आपल्या दारापर्यंत येतो. स्वॅलो आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतही होता; १९६४च्या पावसाळ्यात त्याने सोमालियाजवळचे प्रवाह मोजले. त्याच मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली, जी आज दोना पावलाला आहे. तिने गोव्यासमोर एडीसीपी नांगरून आपल्या किनारी प्रवाहाच्या नोंदी घेतल्या. पावसाळ्यात दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे हा ढोबळ नियम खरा. पण काही आठवड्यांत दिशा फिरवणारे चढउतारही तितकेच खरे, असे त्या सांगतात.

याच संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने जानेवारी १९८१मध्ये हिंदी महासागराच्या तळावरून धातूचे गोटे वर आणले. ते गोटे उद्या यंत्राने उपसायचे झाले, तर उठणारा गाळ कुठे जाऊन बसेल? तळाचे पाणी स्वस्थ असते असे म्हणून आता सुटका नाही. त्या पाइपांच्या टिकटिकीने ती सबब कायमची काढून घेतली आहे. आधी ऐकावे, मोजावे, आणि मगच खोल पाण्यात हात घालावा, हे बरे.