पायथनमधील प्रकार-निर्देश : सूचनेपासून बंधनापर्यंत

प्रस्तावना :
हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने अंतर्गत गुणांसाठी पायथन भाषेत आज्ञावली लिहिली व गुणांच्या चलापुढे ‘पूर्णांक’ असा प्रकार-निर्देश (टाइप हिंट) दिला, तर चुकीची नोंद आपोआप अडेल काय? अडत नाही. ‘४०’ हे मूल्य संख्येऐवजी अक्षरमाला म्हणून आले व त्याची दुप्पट केली, तर ८० ऐवजी ‘४०४०’ मिळते. त्रुटीचा संदेशही येत नाही. असे का घडते, याचे उत्तर या निर्देशांच्या इतिहासात आहे.

ऐतिहासिक आढावा :
गिडो व्हॅन रोसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पायथनमध्ये प्रकार चलाला नसून मूल्याला असतो. २००८ च्या ३.० आवृत्तीत फंक्शनला टिपणे जोडण्याची सोय झाली; परंतु त्या टिपणांना भाषेने कोणताही अर्थ दिला नाही. केंब्रिज येथे संशोधन करताना युक्का लेहतोसालो यांनी ‘मायपाय’ हा तपासनीस विकसित केला. त्या अनुभवावर आधारलेला प्रस्ताव क्र. ४८४ हा २०१५ च्या ३.५ आवृत्तीत समाविष्ट झाला. निर्देश सक्तीचे करण्याचा हेतू नाही, असे त्या प्रस्तावातच स्पष्ट केले आहे.

तपासणीचे तीन मार्ग :
मायपाय आज्ञावली न चालविता केवळ वाचून विसंगती दाखवितो; ड्रॉपबॉक्स कंपनीने २०१९ पर्यंत सुमारे ४० लाख ओळी त्याच्या कक्षेत आणल्या. ‘पायडँटिक’ ही संहिता आज्ञावली चालू असताना मूल्य तपासते, शक्य तेथे त्याचे रूपांतर करते, अन्यथा त्रुटी दाखविते. तिसरा मार्ग महाराष्ट्रातील आहे. आय.आय.टी. मुंबईचे प्रभू रामचंद्रन व आदित्य भोसले यांनी २०२० मध्ये मांडलेली ‘कॉम्पाइल’ प्रणाली मर्यादित पायथनचे सी-सदृश भाषेत रूपांतर करते. तेथे प्रकार निश्चित असावाच लागतो. तो निर्देशावरून वा अनुमानाने ठरविला जातो.

निष्कर्ष :
निर्देशाचे बळ लिहिण्यात नसून तो वाचणाऱ्या साधनात आहे. मायपाय आज्ञावलीतील विसंगती दाखवील. बाहेरून येणाऱ्या गुणनोंदी मात्र तो पाहत नाही. त्या नोंद होतानाच तपासाव्या लागतात. प्रात्यक्षिकात निर्देश शिकविताना तपासणीही शिकविली नाही, तर विद्यार्थ्याच्या हाती सुरक्षिततेचा केवळ आभास राहील आणि चुकीची गुणपत्रिका निमूटपणे तयार होईल.