चॅप्लिनचा गल्याथ

चार्ली चॅप्लिनचे नाव ठाऊक नाही असा माणूस विरळा. परंतु त्याच्या दोन रिळांच्या मूकपटांत त्याची मानगूट धरणारा, रंगवलेल्या तिरकस भुवयांचा, कधी दाढी लावलेला तो धिप्पाड पुरुष कोण, असे विचारले तर शंभरांतले नव्याण्णव प्रेक्षक गप्प बसतील. 'तो जाड्या' एवढीच त्याची ओळख. आमचा दादा मात्र त्याला नावानिशी ओळखतो आणि तो पडद्यावर आला की खुर्चीत सरसावून बसतो.

त्याचे नाव एरिक कॅम्बेल. जन्म १८८० चा, इंग्लंडातला. चॅप्लिन ज्या फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटकमंडळीत तयार झाला, त्याच मंडळीत हाही होता. पुढे तो अमेरिकेत गेला. १९१६ साली म्युच्युअल कंपनीने चॅप्लिनशी सालीना ६,७०,००० डॉलरांचा करार केला. एवढी रक्कम ऐकून त्या काळी लोकांनी तोंडात बोटे घातली असतील. त्या करारातून बारा छोटे चित्रपट निघाले, आणि त्यांतल्या अकरांत कॅम्बेल आहे. उरलेला 'वन ए.एम.'. त्यात एक झिंगलेला चार्ली आपल्याच घरातल्या जिन्याशी आणि पलंगाशी झुंजतो. दुसऱ्या माणसाला फारसे कामच नाही.

याच चित्रपटावरून आम्हां भावांचा वाद पेटला. मी म्हटले, "बघ दादा, कॅम्बेलवाचूनही चार्लीचे अडत नव्हते."

"हसलास किती वेळा?" दादाने विचारले.

"पुष्कळदा."

"आणि भ्यालास किती वेळा?"

भिण्याचा प्रश्न दादाच्या जिव्हाळ्याचा आहे. अंगाने थोराड असल्यामुळे चौदाव्या वर्षी त्याच्या वाट्याला कंस आला आणि त्यानंतर गावच्या गणेशोत्सवात कीचक, दुःशासन, सावकार, फौजदार असे करीत त्याची तीस वर्षे गेली. पोरे त्याला वाटेत पाहून पळत. शेवटी हार मिळायचा तो नायकाला. दादाने त्याबद्दल कधी अवाक्षर काढले नाही. पण कॅम्बेलची बाजू तो इतक्या हिरिरीने का मांडतो हे मला कळत नाही असे नाही.

त्याने आपला साक्षीदार उभा केला तो 'द इमिग्रंट'. हा १९१७ चा चित्रपट. उपाहारगृहात चार्ली आणि ती गरीब मुलगी जेवावयास बसली आहेत. शेजारच्या गिऱ्हाइकाला दहा सेंट कमी पडले म्हणून वाढप्यांनी त्याला नुकतेच तुडवून बाहेर फेकले आहे. आणि चार्लीच्या खिशाला भोक, पैसा केव्हाच गळून पडलेला! पुढे जमिनीवरचे एक नाणे तो मोठ्या युक्तीने पायाखाली दाबून उचलतो. तर थोरला वाढपी, म्हणजे कॅम्बेल, ते दाताखाली धरतो आणि नाणे वाकते. खोटे! चार्लीचा चेहरा त्या क्षणी पाहण्यासारखा आहे. चॅप्लिनने या वाढप्याच्या कामासाठी प्रथम हेन्री बर्गमनला घेतले होते. बर्गमन चांगला नट, पण त्याची भीती वाटेना. तेव्हा चॅप्लिनने त्याला बदलले, कॅम्बेलला आणले आणि तो भाग नव्याने चित्रित केला. ते टाकून दिलेले तुकडे ब्राउनलो आणि गिल यांनी १९८३ च्या 'अननोन चॅप्लिन' या मालिकेत दाखवले आहेत. चार्ली तोच, टेबल तेच, परंतु बर्गमन समोर असला की गंमत ढिली पडते. यावर मला उत्तर सुचले नाही.

तरीही माझा पक्ष मी सोडला नाही. कॅम्बेलची उंची सहा फुटांच्या बरीच वर, वजन पावणेतीनशे पौंडांच्या पुढे. निसर्गाने दिलेला देह पडद्यावर उभा करण्यात अभिनय तो कोणता? दादाने 'ईझी स्ट्रीट' लावला. गल्लीचा दादा असलेला कॅम्बेल नव्या शिपायाला आपली ताकद दाखवण्यासाठी रस्त्यावरचा दिव्याचा खांब वाकवतो. चार्ली टुणकन त्याच्या पाठीवर चढतो, दिव्याची काच त्याच्या डोक्यावर घालतो आणि वायू सोडतो. "आता त्याचे गुडघे बघ," दादा म्हणाला. एवढा अवजड देह किती सावकाश, किती बेताने खाली जातो! धाडकन पडला असता तर लोक दचकले असते. खाली बसता बसता तो हसू जमवीत जातो. आणि अखेरीस तोच गुंड नीटनेटका पोशाख करून बायकोबरोबर प्रार्थनामंदिराकडे निघतो, तेव्हा चालीतला अवघडलेपणाही त्याने कसा आणला आहे! हे देहाचे काम नव्हे, हे मला मान्य करावेच लागले.

'द इमिग्रंट' जून १९१७ मध्ये लागला, मालिकेतला शेवटचा 'द ॲडव्हेंचरर' ऑक्टोबरात. या दोहोंच्या मधल्या जुलैत कॅम्बेलची बायको एकाएकी वारली. पाठोपाठ मुलीला मोटारीचा धक्का लागून ती जबर जखमी झाली. दोन-अडीच महिन्यांत त्याने दुसरे लग्न केले आणि तेही लगेच काडीमोडीच्या दाव्यापर्यंत गेले. 'द ॲडव्हेंचरर'मध्ये सरकत्या दारांत मान अडकून डोळे फिरवणाऱ्या त्या माणसाच्या घरी काय चालले होते हे कळल्यावर ते दृश्य पाहताना मन थोडे आवरावे लागते. २० डिसेंबर १९१७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये मोटार अपघातात तो गेला. वय सदतीस.

दादाचा दावा असा, की त्यानंतर चॅप्लिनला तसा वैरी मिळाला नाही. १९२५ च्या 'द गोल्ड रश'मधला मॅक स्वेन अंगाने भरदार खरा, पण तो भुकेने वेडा झाल्यावर चार्लीला कोंबडा समजतो, एरवी सोबतीच. मला वाटते, चॅप्लिनलाच पुढे तसा वैरी नको होता. भूक, एकटेपणा हेच त्याचे खलपुरुष झाले. दादा म्हणतो, माणूस हाताशी असता तर कदाचित हवा वाटला असता. यावर निकाल लागलेला नाही.

कॅम्बेलच्या अस्थी कोणी न्यावयास आले नाही. १९५२ पर्यंत त्या तशाच पडून होत्या. त्या साली लॉस एंजेलिसच्या रोझडेल स्मशानात पुरल्या. स्कॉटलंडमधले डनून हे त्याचे जन्मगाव असे पुष्कळ वर्षे सांगितले जाई, आणि त्या गावाने त्याच्या नावाचा फलकही लावला. पुढे संशोधकांनी शोधून काढले की तो जन्मला चेशरमधल्या सेल येथे.

हे मी दादाला सांगितले, तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "असू दे. डनूनवाल्यांनी फलक काढू नये." आणि त्याने 'द क्युअर' लावला. त्यात कॅम्बेलचा वाताने सुजलेला, फडक्यात गुंडाळलेला पाय गरगर फिरणाऱ्या दारात सापडतो.